जुन्या बुलेटचं वायरिंग सोपं करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः किकवर चालू होणाऱ्या, सीबी पॉइंट (इंजिनबरोबर उघडमीट होऊन स्पार्क पाडणारा छोटा स्विच) असलेल्या, १२ व्होल्टच्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट ३५० साठी आहेत. ६ व्होल्टच्या बुलेटचा आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांचा प्रश्न वेगळा घेतला आहे. मी मेकॅनिक नाही. वडिलांची बुलेट माझ्याकडे आली आणि तिचं वायरिंग मी साताऱ्यात घराच्या पडवीत बसून दोनदा सोडवलं, दोनदा बांधलं. त्यानंतर मित्रांच्या गाड्या येत गेल्या. लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

‘वायरिंग सोपं करणं’ म्हणजे वायरी कमी करणं का?

नाही, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. कुठलीही वायर हातात धरली की ती कुठून आली आणि कुठे चालली हे अर्ध्या मिनिटात सांगता आलं, म्हणजे वायरिंग सोपं झालं. त्यासाठी काही वायरी काढाव्या लागतात आणि एक-दोन नव्याने टाकाव्याही लागतात. मागच्या दिव्याला स्वतंत्र अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, वायर टाकली की गाडीत एक वायर वाढते, पण पुढच्या दहा पावसाळ्यांची कटकट जाते. मी त्याला सोपं होणं म्हणतो.

कंपनीतून गाडी नीट आली होती ना? मग एवढा गुंता झाला कसा?

एकेका दुरुस्तीने. माझ्या गाडीच्या टाकीखालचं टेप सोडवलं तेव्हा आतला चिकट डिंक बोटांना लागत होता, इतकं ते उन्हाने वितळून पुन्हा आळलं होतं. आत इग्निशन कॉइलकडे जाणारी वायर वीतभर मूळची होती. पुढे तिला घरातल्या टेबलफॅनची चपटी वायर पीळ मारून जोडलेली, आणि तिच्यापुढे स्पीकरची बारीक वायर. दोन्ही जोड नुसत्या टेपचे. पिळाच्या जागी तांबं हिरवं पडलं होतं आणि बोटाने दाबलं की भुगा होत होता. प्रत्येकाने त्या दिवशी गाडी चालू करून दिली, यात त्यांचं काही चुकलं नाही. पण प्रत्येक तात्पुरती दुरुस्ती पुढच्या माणसाला कायमची वाटते.

त्यात फॉगलाइट, म्युझिकल हॉर्न, कधीतरी लावलेला अलार्म असं काहीबाही आलेलं असतं. वस्तू निघून जाते, तिची वायर आत राहते. माझ्या गाडीतून अशा सात वायरी निघाल्या. त्यांतल्या दोघींत करंट होता आणि टोकं उघडी होती.

मुळात या बुलेटमध्ये सर्किट किती असतात?

दोन वेगळी घरं आहेत असं समजा.

पहिलं घर बॅटरीचं, म्हणजे डीसी. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, तिथून अँपिअर मीटर, तिथून चावीचा स्विच. चावीपुढे इग्निशन कॉइल आणि कॉइलपुढे पॉइंट. पॉइंट मिटले की अर्थ मिळतो, उघडले की स्पार्क पडतो. ब्रेकलाइट, हॉर्न, इंडिकेटर, मागचा दिवा, पुढचे दोन छोटे पायलट दिवे हे सगळे याच घरातले.

दुसरं घर हेडलाइटचं, म्हणजे एसी. या बुलेटच्या वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइल-प्लेटमधून, म्हणजे स्टेटरमधून, चार वायरी बाहेर येतात. दोन रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागातून, बॅटरी चार्ज करतात. उरलेल्या दोन हेडलाइट पेटवतात, आणि त्या वाटेवर बॅटरी येतच नाही. म्हणून इंजिन बंद असताना हेडलाइट लागत नाही, आणि सिग्नलला इंजिन हळू झालं की दिवा मंद होतो. हा बिघाड नाही, गाडीची रचनाच तशी आहे.

हे न कळल्यामुळे जे होतं ते मी चार-पाच गाड्यांत पाहिलंय. हेडलाइट ‘बंद पडला’ म्हणून कोणीतरी बॅटरीवरून सरळ वायर ओढून देतो. दिवा झकास लागतो. पण ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला जवळपास ३ अँपिअर खातो, आणि बॅटरी चार्ज करणारी जोडी त्या हिशेबाने गुंडाळलेलीच नसते. रात्री अँपिअर मीटरचा काटा मायनसकडे पडून राहतो आणि आठवड्यात बॅटरी बसते. मग नवी बॅटरी घेतली जाते. तीही बसते.

सोपं करताना ही दोन घरं एकमेकांत मिसळू देऊ नका. एसीच्या दोन वायरींना शेवटपर्यंत वेगळ्या रंगाची स्लीव्ह घाला. आणि त्यांतली एक बॉडीला जोडायची की नाही हे अंदाजाने ठरवू नका. स्टेटर मोकळा करून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मल्टिमीटरने ओहम मोजा, मग ठरवा.

अँपिअर मीटर काढून टाकला तर दोन जाड वायरी वाचतात. काढू का?

काढू नका. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

काढण्याचं कारण खरं आहे. डीसीचा सगळा करंट त्या मीटरमधून जातो. मागचा नट सैल झाला तर अख्खी गाडी बंद पडते. वायर निसटून डोमच्या, म्हणजे हेडलाइटच्या खोळीच्या, पत्र्याला टेकली तर शॉर्ट होतो.

पण बुलेटमध्ये तो मीटर फक्त चार्जिंग दाखवत नाही. तो पिस्टन कुठे आहे ते सांगतो. चावी लावा आणि किक पायाने सावकाश दाबत न्या. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल साधारण साडेतीन अँपिअर घेते आणि काटा मायनसकडे झुकतो. आणखी दाबत गेलात की कॉम्प्रेशनचा जोर पायाला लागतो आणि एका क्षणी काटा टुणकन मधे येतो. त्या क्षणी पॉइंट उघडलेले असतात, पिस्टन वरच्या टोकाला आलेला असतो. मग सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढायचा, किक इंचभर पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर घ्यायची आणि एकच पूर्ण किक मारायची. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा माझा हात त्यांनी टाकीवर ठेवला होता आणि म्हणाले होते, ‘‘पायाकडं बघू नको, काट्याकडं बघ.’’ पंचावन्न किलोचा पोरगा बुलेट चालू करू शकतो तो या काट्यामुळे.

म्हणून मीटर ठेवा आणि त्याची जोडणी सुधारा. मागच्या दोन्ही स्टडना गोल थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) लावा, खाली स्प्रिंग वॉशर घाला, नट आवळा आणि वरून रबरी टोपी बसवा. सगळा करंट नेणारी ही वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. हॉर्नची प्लस वायर मात्र मीटरमधून नेण्याची गरज नसते. ती वेगळ्या फ्यूजवरून दिली की काटा उगाच आपटत नाही.

सुरुवात कुठून करू?

कात्रीपासून तर नक्कीच नाही. आधी गाडी आहे तशी ठेवून फोटो काढा. डोम उघडून, टाकी काढून, सीट काढून, दोन्ही बाजूंच्या पेट्या उघडून. प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून तिचं काम लिहा, नुसता रंग लिहू नका. तीस वर्षांच्या गाडीत वायरीच्या रंगावर विश्वास ठेवायचा नसतो.

मग वहीच्या मधल्या जोडपानावर गाडी वरून पाहिल्यासारखी काढा. पुढे डोम, मधे टाकी, डावी-उजवी पेटी, मागे दिवा. त्यावर वायरी रंगीत पेन्सिलने ओढा. छापील आकृतीत सगळे भाग चौकोनात मांडलेले असतात, पण वायर प्रत्यक्षात फ्रेमच्या कुठल्या नळीलगत जाते ते त्यात दिसत नाही. तुमच्या वहीतलं चित्र रस्त्यावर जास्त उपयोगी पडतं. काम संपल्यावर ते लॅमिनेट करून हत्यारांच्या पेटीत ठेवा.

सगळं वायरिंग बदलू की फक्त खराब तेवढं?

वायरीचं टोक सेंटिमीटरभर सोलून बघा. आतलं तांबं लालसर चकचकीत असेल तर वायर जगली आहे. काळं पडलेलं असेल तर तिथून पाच सेंटिमीटर मागे पुन्हा सोला. तिथेही काळंच असेल तर ती वायर बदला. तीन-चार वायरी अशा निघाल्या तर पूर्ण वायरिंगच नव्याने बांधा, तुकड्यांनी फायदा होत नाही.

बाजारातला तयार वायरिंग सेट घेऊ का?

मूळ रूप जपायचं असेल आणि सेट त्याच मॉडेलचा मिळत असेल तर अवश्य घ्या. पण विकत घेताना डोमजवळचे थिंबल ओढून बघा. हलक्या सेटमध्ये ते हातात येतात. आणि बसवण्याआधी त्याची प्रत्येक वायर मल्टिमीटरच्या बीपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. मी एका सेटमध्ये ब्रेकलाइट आणि टेललाइट अदलाबदल झालेले पाहिले आहेत.

वायर कुठली आणि किती जाडीची?

गाड्यांसाठी मिळणारी, बारीक तारांची, लवचीक. घरच्या फिटिंगची जाड तारांची वायर बुलेटच्या थरथरीने आतल्या आत तुटते आणि वरून साबूत दिसते. बॅटरी ते चावी २.५ चौरस मिलिमीटर, हेडलाइट आणि हॉर्न १.५, कॉइल आणि ब्रेकलाइट १, पायलट दिव्यांना ०.७५ पुरते. यापेक्षा जाड वायर घालून फायदा नाही, स्टिअरिंगपाशी ती वळत नाही.

जोड झाळायचा की थिंबल दाबायचं?

थिंबल दाबायचं, क्रिंपिंगच्या पकडीने. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल क्रिंप धरू नका. झाळलेल्या जोडात कथील वायरीच्या तारांमधून थोडं वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि त्या कडेवर रोजच्या थरथरीने तुटते. एखादा जोड झाळावाच लागला तर वरून आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब घाला आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर फ्रेमला बांधा. त्याहून चांगलं म्हणजे वाटेत जोड ठेवूच नका. एक वायर, दोन टोकं.

टेपऐवजी पीव्हीसी स्लीव्ह वापरा. टेप फक्त स्लीव्हच्या तोंडाशी, दोन वेढे.

सगळे म्हणतात ‘अर्थ नीट कर’. म्हणजे काय करू?

बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीत यावा लागतो. बुलेट ही परतीची वाट फ्रेमच्या लोखंडावर सोपवते. नवी गाडी असताना ते चालतं. मग मडगार्डच्या बोल्टाखाली गंज येतो, डोमच्या खाली रंग लागतो आणि मागच्या दिव्याची परतवाट बंद होते. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो किंवा इंडिकेटरबरोबर पायलट दिवा लुकलुकतो ते यामुळे. करंट दुसऱ्या बल्बमधून आडवाटेने परत जात असतो.

माझी पद्धत अशी. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर इंजिनच्या बोल्टाला. दुसरी फ्रेमला. तिसरी मागच्या दिव्याच्या होल्डरपर्यंत आणि चौथी डोममध्ये, जिथे पुढचे सगळे अर्थ एका बोल्टावर येतात. चारही वायरी काळ्या, आणि काळा रंग गाडीत दुसऱ्या कशाला नाही.

तपासायला मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला, आणि ब्रेक दाबून धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी गंज किंवा रंग आहे. नुसते ओहम मोजून हे कळत नाही, करंट वाहत असतानाच मोजायला हवं.

फ्रेम पावडर कोटिंग करून आणली आणि आता काहीच लागत नाही.

कोटिंग वीज जाऊ देत नाही. जिथे जिथे पूर्वी नुसत्या बोल्टाने अर्थ मिळत होता तिथे आता प्लास्टिकचा थर आहे. अर्थच्या बोल्टाखाली नाण्याएवढी जागा सँडपेपरने लोखंड दिसेपर्यंत घासा, दात्यांचा वॉशर घाला, आवळा, मग वरून ग्रीस लावा. रिस्टोरेशननंतर ‘कॉइल गेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तीन गाड्यांत कॉइल ठणठणीत होती.

हँडल वळवलं की इंजिन बंद पडतं. चावीचा दोष का?

आधी स्टिअरिंगच्या मानेपाशी वायरिंग बघा. मला हे खंबाटकीत कळलं. रात्र होती, पाऊस होता, डाव्या वळणाला इंजिन गप्प झालं. हँडल सरळ केलं की पुन्हा चालू. तीन वळणं तसंच झालं. बाजूला घेऊन डोमखाली हात घातला तर वायरींची जुडी केबल-टायने मानेला करकचून आवळलेली होती. चावीकडे जाणारी वायर आतून तुटली होती, वरचं प्लास्टिक शाबूत. सरळ हँडलला दोन टोकं टेकत होती, वळवलं की सुटत होती.

आता मी डोममध्ये जाणारी जुडी बांधण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत फिरवून बघतो. पूर्ण वळणालाही तिच्यात बोटभर ढील राहिली पाहिजे. मानेजवळ टाय लावत नाही, वीतभर मागे फ्रेमला लावतो.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे?

बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. फ्यूज बल्बसाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. त्याच्या अलीकडचा तुकडा असुरक्षित राहतो, म्हणून तो जितका लहान तितकं बरं. डीसीवरचं सगळं एका वेळी लागलं, कॉइल, ब्रेकलाइट, टेललाइट, पायलट, इंडिकेटर, हॉर्न, तरी बेरीज ११ अँपिअरच्या आसपास जाते. मुख्य फ्यूज १५ अँपिअरचा एक पुरतो. आजकालचे पात्याचे फ्यूज घ्या, काचेच्या नळीचे थरथरीने सैल होतात. फ्यूज वारंवार उडत असेल तर जाड घालू नका. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर कधीच नाही.

बॅटरीच काढून टाकली तर?

१९६० च्या दशकात लुकास या इलेक्ट्रिकल भागांच्या कंपनीने ब्रिटिश गाड्यांसाठी मोठा कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) दिला होता, त्यावर गाड्या बॅटरीशिवाय चालत. शर्यतीच्या गाड्यांना ते ठीक. रोजच्या बुलेटला नको. इंजिन बंद असताना ना ब्रेकलाइट, ना हॉर्न, ना पायलट. आणि किकच्या आधी तो काटाही हलणार नाही. किकवाल्या बुलेटला लहान सीलबंद बॅटरी पुरते, ती घ्या.

एलईडी लावू का?

टेललाइट, ब्रेकलाइट, पायलट यांना लावा. करंट कमी लागतो. इंडिकेटरला लावाल तर जुना गरम होऊन लुकलुकणारा फ्लॅशर चालणार नाही, कारण एलईडी त्याला तापवण्याइतका करंट घेतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. हेडलाइट मात्र एसीवर आहे हे विसरू नका. फक्त डीसीसाठीचा एलईडी तिथे लावला तर तो फडफडतो किंवा जातो.

गाडी ६ व्होल्टची आहे. १२ करू का?

आधी आहे ते ६ व्होल्ट नीट करून बघा. त्याच वॅटला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, त्यामुळे घाणेरड्या जोडाची शिक्षाही मोठी. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तर १२ व्होल्टच्या गाडीत तो चार टक्के असतो, ६ व्होल्टच्या गाडीत आठ. आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, आठ टक्क्यांनी जवळपास पाव उजेड जातो. जाड वायर, स्वच्छ अर्थ आणि नवे होल्डर घातल्यावर बऱ्याच मालकांचा १२ व्होल्टचा विचार मावळला आहे.

तरी बदलायचं असेल तर बल्ब आणि बॅटरीवर भागत नाही. स्टेटर, रेक्टिफायर, कॉइल, हॉर्न, फ्लॅशर, सगळा संचच बदलावा लागतो.

आजोबांची जुनी बीएसए किंवा ट्रायम्फ आहे. हेच नियम?

एक फरक जीवघेणा आहे. लुकासचं वायरिंग असलेल्या त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. आपल्या सवयीने मायनस बॉडीला जोडलं तर रेक्टिफायर जातो. बॅटरी लावण्याआधी जुन्या खुणा बघा. त्या वायरिंगमध्ये अर्थची वायर लाल असते, आपल्याकडचा माणूस लाल म्हणजे प्लस समजतो आणि सरळ बॅटरीला जोडतो. त्या गाडीत लाल प्लसला जोडणं बरोबर असतं, पण ती लाल पुढे बॉडीला जाते हे ठाऊक नसलं की पुढची प्रत्येक जोडणी उलटी होते.

इंडिकेटर, हॉर्न काढून टाकले तर आरटीओत अडचण येते का?

१५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी दाखवावी लागते, तेव्हा दिवे आणि हॉर्न चालू हवेत. कंपनीने जे दिलं ते ठेवा. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे आणि तिथे गाडी मूळ रूपात असणं हीच अट आहे. त्या वाटेने जायचं असेल तर जुने स्विच, जुना डोम, जुने होल्डर फेकू नका. नव्या वायरी जुन्या होल्डरमध्ये घाला. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी मी असे स्विच शोधत फिरलो आहे, हवा तो पटकन मिळत नाही.

सगळं बांधून झालं. पहिल्यांदा बॅटरी कशी जोडू?

सरळ जोडू नका. फ्यूज काढून त्याच्या जागी २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब दोन वायरींवर जोडा. चावी बंद ठेवून बॅटरी लावा. बल्ब पेटला नाही पाहिजे. पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण धूर निघणार नाही, बल्बच करंट अडवून धरतो. मग चावी लावा. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब मंद लागेल, हे बरोबर आहे. किक हळू दाबून पॉइंट उघडा, तो विझेल. एकेक स्विच लावत जा आणि बल्ब पूर्ण उजेडाने कशावर पेटतो ते बघा. हॉर्नवर तो उजळेल, ब्रेकलाइटवर मंद लागेल, ते चालतं. काहीच चालू नसताना उजळला तर थांबा.

मग बल्ब काढून फ्यूज घाला आणि चावी लावा. इंजिन चालू नसेल तर चावी लावलेली ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल हात लावू नये इतकी तापते. इंजिन चालू करून थोडा वेग द्या, बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

वायरिंग नवं आहे, तरी गरम झाल्यावर बंद पडते.

आता वायरिंग सोडा, पॉइंटचं झाकण उघडा. इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसली तर कंडेन्सर, म्हणजे ती ठिणगी दाबणारा छोटा भाग, बदला. पॉइंट पूर्ण उघडल्यावरची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालण्याआधी पॉइंटची टोकं कोऱ्या कागदाची पट्टी ओढून पुसा, पट्टीवर काळं येणं थांबेपर्यंत.